पाण्याचं वागणं

काळ्या घोड्याच्या पुलावर, कठड्याला तारेनं आवळलेला
आमचा कॅमेरा खाली विश्वामित्रीकडे बघतो.
सेकंदाला पंचवीस वेळा बघतो,
आणि दर दोन बघण्यांच्या मध्ये मी विचारते,
कोणता ठिपका कुठे गेला?
उत्तरादाखल प्रत्येक ठिपक्याला एक बाण.
डावीकडे जाणारे हिरवे, उजवीकडचे जांभळे,
हलले नाहीत ते काळे.

काम सोपं सांगितलं होतं: मगर हलली की घंटी वाजवा.
घाटावर बायका असतात धुण्याला, सातपासून.

पण नदीत सगळंच हलतं.
जलपर्णीचे ताटवे,
गणपती होऊन महिना झाला तरी तरंगत राहिलेलं
कुणाच्या तरी मखराचं थर्माकोल,
पुलाची सावली, सावलीवरून जाणारे बगळे.
एसटी गेली की पूल हादरतो,
मग काठसुद्धा उडी मारतो, चिंचेसकट.
पहिल्याच दिवशी घंटी चारशे अकरा वेळा वाजली.
मगर एकदाही नव्हती.
खुमानभाईंनी घंटीवर टॉवेल टाकला
आणि चहाला गेले.

तेव्हा आधी सगळ्यांचं मिळून असलेलं हलणं वजा केलं,
पुलाचं. उरलं ते ज्याचं त्याचं.
मग उजेड.
आमचं गणित धरून चालतं की ठिपका
जाईल तिथे आपला उजेड सोबत नेतो.
दुपारी चार वाजता नदीला हे सांगून बघा.
ऊन एका जागी उभं, पाणी त्याच्या खालून निघून गेलेलं,
आणि यंत्राला वाटतं, नदी थांबली.
उजेड सोडला, पोत धरला:
शेजारच्या ठिपक्याहून उजळ की मंद, एवढंच.
बरं झालं थोडं.

ज्या ठिपक्याला स्वतःचं काही सांगता येत नाही
त्यानं शेजाऱ्यांसारखं चालावं, असा जुना नियम आहे.
दांडिया बाजारात वाढलेल्या मला तो नवा नव्हता.
टिपणीसकाकूंनी गॅलरीतून सोडलेला बाण
आमच्या जिन्यात पोचायचा.
पण या नियमानं मगर नदीत विरघळते.
कडाच पुसली तर तिचं काय उरणार?
म्हणून लिहिलं, जिथे रंग तुटतो
तिथे शेजार तुटू दे.
त्या एका ओळीला अकरा दिवस लागले.

शिवाय परतीची तपासणी:
बाण धरून पुढच्या फ्रेममध्ये जा,
तिथून उलटा बाण धरून ये.
घरी पोचलास तर खरा.
निम्मे पोचले नाहीत.

खुमानभाई वसावा यातलं काहीच करत नाहीत.
बिडी कानामागे, नजर खाली.
"बेन, पाणी ज्यां अटके, त्यां जोवानुं."
त्यांनी बोट दाखवलं तिथले बाण मी काढले.
सगळी नदी दक्षिणेला,
आणि एका जागी हातभर बाण आखडलेले,
दोन्ही अंगांनी वळलेले,
देवळाच्या दारात चपलांच्या ढिगाला माणसं
वळसा घालतात तसे.
मधे काळं.
दोन महिने मी मगरीचं हलणं शोधत होते.

सोळा तारखेला सहा बावन्नला घंटी वाजली. एकदाच.
खुमानभाई काठी आपटत उतरले,
बायका बडबडत वर आल्या,
एक निळी बादली राहिली पायरीवर.
खाली मगर होती की नव्हती
ते धुक्यात कळलं नाही,
वहीत तो रकाना मी रिकामा ठेवलाय.

नंतर तेच चित्रण पुन्हा लावलं.
घाट मोकळा झाल्यावर चाळीस मिनिटं
खुमानभाई बादलीशेजारी बसलेत,
पाण्याकडे तोंड करून.
माझ्या पडद्यावर ते काळे, दगडाइतके.
माझ्या गणिताप्रमाणे तिथे कुणी नाही.
सात एकतीसला त्यांनी काडी ओढली,
हाताशी दोन बाण, पिवळे,
तिसरा धुराचा असावा,
परतीला तो घरी पोचला नाही.